तिसरी वही

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, माझा बाप्तिस्मा होऊन एकोणीस वर्षं झाली. चार वर्षांपासून सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि दीड वर्षापासून त्यांना काहीच आठवेनासं झालंय. त्यांचं सगळं मीच करते. सकाळी सहाला त्यांचे कपडे बदलायचे, तिथून माझा दिवस सुरू होतो. त्या हात झटकतात, शिव्या देतात, तेच ते दहादा विचारतात आणि मी ओरडते. परवा मी त्यांच्या हातावर चापट मारली. रोज रात्री क्षमा मागते, उद्या असं होणार नाही म्हणते आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजायच्या आत तेच होतं. मी एका वहीत रोजची पापं लिहून ठेवते. आता ही तिसरी वही. देवालासुद्धा माझा कंटाळा आला असेल. तीन महिने प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेतलेला नाही, पुढं आलं की शेजारणीकडे सरकवते. पुत्राने बंधमुक्त केलं तर खरेखुरे बंधमुक्त व्हाल असं वचन आहे, मग मी का नाही झाले? आणि उद्या पुन्हा चिडले तर कोणत्या तोंडाने क्षमा मागू?"

प्रिय भगिनी,

आधी त्या चापटीबद्दल बोलते. तुम्ही ती एका वाक्यात लिहिलीत आणि लगेच पुढं गेलात, पण सगळं पत्र त्याच वाक्याभोवती घुटमळतंय. ती चूक होती. समोर कोण उभं आहे हेही जिला धड उमगत नाही, तिच्यावर हात उगारणं चूकच. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे मऊ करून सांगितलं, तर पुढं दयेबद्दल जे लिहिणार आहे त्याला काही अर्थ उरणार नाही. पुन्हा हात शिवशिवला तर पलंगाचा कठडा वर करा, त्या पडणार नाहीत एवढं बघा आणि खोलीबाहेर या. पाच मिनिटं ओले कपडे अंगावर राहिले तर त्यांना काही होणार नाही. बाहेर आलात म्हणून तुमचा विश्वास कमी पडला असं होत नाही.

आता वही.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना तुम्ही रोज म्हणत असाल. तिच्यात "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" असं म्हणून झालं की पुढचं वाक्य 'आणि'ने सुरू होतं: आणि आमची ऋणं आम्हांस सोड. तो 'आणि' कित्येक वर्षं माझ्या जिभेवरून नुसता घसरून गेला. भाकर आणि क्षमा प्रभूने एका दमात मागायला शिकवल्या. काल जेवलो होतो, तरी आज पुन्हा भूक लागली याची कुणाला लाज वाटत नाही. रोजची भूक मुळी धरलेलीच आहे. मग क्षमेची गरज पुन्हा लागली की आपण तोंड का लपवतो? रोजच्या प्रार्थनेत ती मागणी घालणाऱ्याला आपल्याला ती रोज लागणार हे ठाऊक होतं. तुम्ही त्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, हजाराव्यांदा धक्का देत नाही आहात.

मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या जागी शब्द 'ऋण' असाच आहे. आणि कलस्सै इथल्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की आपल्याविरुद्धचा जो लेख होता तो देवाने खोडला, मधून काढून टाकला, वधस्तंभाला खिळला. हे वाचताना मला तुमच्या तीन वह्या दिसत राहिल्या. त्यांची एकही प्रत देवाकडे नाही. त्या फक्त तुमच्या घरी आहेत.

पापं कबूल करणं चांगलंच आहे, ते सोडा असं मी म्हणत नाही. आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे क्षमा करील, असं योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण कबुली देऊन माणूस मोकळा होतो. तुम्ही कबुली देता आणि मग ती जपून ठेवता. रात्री लिहिताना मागची पानं चाळता का? चाळत असाल असं मला वाटतं. मग एका दिवसाच्या चुकीसाठी तुम्ही तीन वह्यांचं ओझं घेऊन देवापुढे जाता, आणि एवढ्या ओझ्याला क्षमा पुरेल का, ही शंका येणारच.

निर्गमाचा सोळावा अध्याय काढा. इस्राएल लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघून महिना झालेला आहे, पोटात भूक आहे, तोंडात कुरकुर आहे. सकाळी दव उडून गेल्यावर रानात बारीक खवल्यांसारखं काही पडलेलं दिसतं आणि ते एकमेकांना विचारतात, "हे काय?" त्यावरून त्याचं नाव मान्ना पडलं. हुकूम साधा होता: माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप), आजचं आज. काहींनी ऐकलं नाही, सकाळपर्यंत ठेवलं, तर त्यात किडे पडून घाण सुटली. गंमत म्हणजे सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं तेव्हा तेच दुसऱ्या दिवशीही चांगलं राहिलं. म्हणजे मान्ना मुळात नासका नव्हता. रोज सकाळी तंबूतून बाहेर येऊन देवाच्या हातून घ्यायचं, ही सवय त्यांना लावायची होती. चारशे वर्षं गुलामीत काढलेल्या लोकांना कुणाच्या तरी भरवशावर निवांत झोपणं माहीत नव्हतं. रिकाम्या भांड्याशेजारी झोपायचं आणि उद्या मिळेल म्हणून झोपायचं, हा त्यांचा स्वातंत्र्याचा पहिला धडा होता.

चाळीस वर्षं त्यांनी मान्ना खाल्ला. सातव्या, विसाव्याच्या दिवशी, म्हणजे शब्बाथाला, तो पडत नसे; ते दिवस वगळून हिशेब केला तर बारा हजारांहून जास्त सकाळी होतात. या चाळीस वर्षांत त्यांनी काय काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. सोन्याचं वासरू करून पुजलं, त्यांना बाहेर काढणाऱ्या मोशेवर उलटले, मिसराची आठवण काढून रडले. पण वासराच्या दुसऱ्या दिवशी मान्ना पडला नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. शिक्षा झाली, रडारड झाली, आणि सकाळी तंबूबाहेर जमीन तशीच पांढरी होती.

तुम्ही रात्री दहाला म्हणता, "उद्या असं होणार नाही." त्या वाक्यात तुम्ही उद्याचा धीर आजच गोळा करून ठेवायला बघता. सकाळी झाकण उघडलं की त्यात किडे. मग वाटतं, आपला विश्वासच खोटा. विश्वास खोटा नाही, तुम्ही मागता ती वेळ चुकते आहे. उद्याच्या नऊ वाजताचा धीर आज रात्री मिळायचा नसतो. रात्री फक्त झोप मागा. सकाळी सहाला, त्यांच्या दाराच्या कडीला हात लावताना, नऊपर्यंतचा धीर मागा. नऊला पुन्हा मागा. एवढंसं मागायला लाज वाटेल, कारण आपल्याला एकदाच भरपूर मागून सुटका करून घ्यायची असते. माझीही वर्षानुवर्षं तीच धडपड होती.

"त्याची करुणा रोज सकाळी नवी होते" हे वचन तुम्ही ऐकलेलं असणार, ते भिंतीवर लावायला सगळ्यांना आवडतं. पण ते कुठं आलंय ते बघा. विलापगीत. यरुशलेम बाबेलच्या सैन्याने जाळलं, मंदिर पडलं, इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमाराची गोष्ट. लिहिणारा त्या राखेत बसलेला आहे. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की मी हाक मारली तरी देव माझी प्रार्थना आत येऊ देत नाही, त्याने खड्यांनी माझे दात फोडले. वीस ओव्या हेच चाललंय. मग तो काहीतरी आठवून आशा धरतो आणि बाविसाव्या-तेविसाव्या ओवीत दयेचं वचन येतं. मला वाटायचं, इथं गाणं वळलं, आता सगळं उजळणार. तसं होत नाही. अध्याय सहासष्ट ओव्यांचा आहे. चव्वेचाळिसाव्या ओवीत तो पुन्हा म्हणतो, प्रार्थना पोचू नये म्हणून तू स्वतःला मेघांनी झाकून घेतलंस. शहर काही उभं राहत नाही.

रोज सकाळच्या दयेचं वचन अध्यायाच्या शेवटी विजयाच्या आरोळीसारखं आलेलं नाही. ते मध्ये आहे, तक्रारीच्या दोन ढिगांमध्ये. तुमच्या सासूबाई उद्याही हात झटकतील. दया त्या खोलीतच नवी होणार आहे, ती खोली सुटल्यावर नाही.

इथं स्वतःचं एक सांगते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला आणि शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याजवळ होते. एका रात्री तीनच्या सुमाराला तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली. माझा तोल गेला. चादर मी इतकी जोरात ओढली की त्यांचं कोपर पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. आवाज झाला. ते काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. उरलेली रात्र मी खुर्चीत बसून काढली आणि देवाशी एक शब्दही बोलले नाही, कारण काय बोलायचं? सकाळी पडदा सरकवला तेव्हा त्यांच्या कोपरावर निळसर डाग दिसत होता. त्यांचं बोलणं अडखळत यायचं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. ते म्हणाले, "झोप... झाली का... तुझी?"

मी त्या कोपरावर डोकं टेकवून रडले. त्यांना रात्रीचं आठवत होतं. मला ठाऊक आहे आठवत होतं, कारण मी "माफ करा" म्हटलं तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि "हो, हो" म्हणाले. त्या दिवशी दुपारी मी पुन्हा चिडले, हेही सांगायला हवं. पण चिडून झाल्यावर खुर्चीत जाऊन बसले नाही. तिथंच माफी मागितली. माझ्यात बदल झाला तो एवढाच, आणि तो बदल मी केला असं मला आजही म्हणवत नाही.

तुम्ही विचारलंय, मी मुक्त का नाही. तुमची मुक्तीची व्याख्याच मला खटकते. राग येणं थांबेल तेव्हा मी मुक्त, असं तुम्ही धरून चाललात. गलतीकरांना पौल लिहितो की ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठी मुक्त केलं, तेव्हा टिकून राहा, दास्याच्या जुवाखाली पुन्हा सापडू नका. 'पुन्हा' हा शब्द बघा. हे पत्र विश्वास ठेवलेल्या माणसांना आहे. ती काही व्यसनात पडली नव्हती, फार धार्मिक होऊ लागली होती. देवाने आपल्याला पत्करावं म्हणून नियमांचा हिशेब ठेवू लागली होती. प्रभूचं नाव घेऊनही गुलामासारखं जगता येतं, आणि ते जू बाहेरून भक्तीसारखं दिसतं.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा आपला वाटा उधळून परत येतो, थोरला घरीच राबत असतो. तुम्ही स्वतःला धाकट्याच्या जागी बघत असाल. मला तुमच्या पत्रात थोरल्याचा आवाज ऐकू आला. रागावू नका. तो बापाला म्हणतो, "इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय." मुलगा असून तो चाकरीची वर्षं मोजत होता. तुम्ही चाकरीतल्या चुका मोजता, पण मोजणं तेच, आणि बाप त्यातून मालक होऊन जातो. बाप त्याला बाहेर येऊन काय म्हणतो? "बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस." धाकट्याने पाठ करून आणलेलं भाषण बापाने पुरतं होऊच दिलं नाही. "मला चाकरासारखं ठेवा" हे वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. तुमच्या वहीचं शेवटचं वाक्य रोज तेच असतं ना? ते बापाला ऐकायचंच नाहीये.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली. एवढ्या विदुषी, सगळं शास्त्र वाचलेल्या, आणि तरी देवाजवळ आहे तशी जायचं असतं हे उमगायला त्यांना इतका काळ लागला. तुमच्या एकोणीस वर्षांची लाज वाटू देऊ नका.

प्रभुभोजनाचं मात्र मी जोर लावून सांगणार आहे. अयोग्य रीतीने घेऊ नये या वचनाची तुम्हाला भीती वाटते, हे मी ओळखते. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला तो अकरावा अध्याय सबंध वाचा. पौल कुणावर रागावलाय? जे भरल्या घरचे लोक गरिबांची वाट न बघता आधीच खाऊन घेत, कुणी तर पिऊन तर्र होत, त्यांच्यावर. चुकलेल्या, रडणाऱ्या माणसांवर नाही. आणि तो काय सांगतो? माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून उठून जावं असं म्हणत नाही.

योहानाचा शेवटचा अध्याय आठवा. प्रभूचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या शेकोटीशी उभं राहून तीनदा प्रभूला नाकारलं होतं. आता तिबिर्या समुद्राच्या काठी पहाट होतेय, आणि काठावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. त्यावर मासळी आहे, भाकर आहे. सगळ्या शुभवर्तमानांत कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द याच दोन ठिकाणी आलाय, आणि पेत्राच्या नाकात तो धूर जाताना त्याला काय आठवलं असेल ते सांगायला नको. प्रभू काय म्हणतो? "या, न्याहारी करा." प्रश्न नंतर आला, त्यांची न्याहारी झाल्यावर. "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" तीनदा, म्हणजे त्याने विषय टाळला नाही. पण आधी खाऊ घातलं. तुम्ही उलटं करताय. आधी नीट होईन, मग मेजाशी येईन. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय, आणि तरी त्याच दमात त्याला प्रभूची मेंढरं चारायचं काम मिळालं. त्याची आधीची वही कुणी मागितली नाही.

आता काय करायचं ते. सासूबाईंची माफी मागा, चापटीचं नाव घेऊन. त्यांना कळणार नाही म्हणून टाळू नका. शब्द विसरले तरी आवाजातला मऊपणा त्यांच्यापर्यंत पोचत असतो, आणि माफी तुमच्याही कानांवर पडायला हवी. मग यजमानांशी बोला. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, कुणाचाच नाही, आणि त्याची मला काळजी वाटली. चार वर्षं एका माणसाने हे एकट्याने करायचं नसतं. "एकमेकांची ओझी वाहा" हे पौलाने मंडळीला सांगितलंय, एकट्या सुनेला नव्हे. आईचे कपडे मुलाला बदलता येतात. दोन वेळा त्यांनी करावं, नणंद-दीर असतील तर त्यांनी दिवस वाटून घ्यावेत, मंडळीतल्या कुणी आठवड्यातून एक दुपार बसावं. पाळकांना सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. जिच्यावर भरवसा आहे अशा एका बहिणीला चापटीची गोष्ट तोंडी सांगा. याकोब म्हणतो, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. वहीला तुमच्यासाठी प्रार्थना करता येत नाही.

झोप उडाली असेल, सकाळी उठवत नसेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि हे शेवटचं असेल तर आजच. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं.

वही जाळायला मी सांगणार नाही. जाळली तर तुम्ही महिन्याभरात चौथी आणाल. नुसती बंद करून कुठल्यातरी वरच्या फळीवर ठेवा. रात्री हात तिकडे गेला तर त्या दिवसापुरतं तोंडाने सांगा, आमेन म्हणा आणि दिवा घालवा.

आणि उद्या पुन्हा चिडलात तर कोणत्या तोंडाने? त्याच. ज्या तोंडाने भाकर मागता त्याच. नऊ वाजता चिडलात तर नऊ वाजून एक मिनिटाने, तिथंच, पलंगाशेजारी उभं राहून. रात्रीपर्यंत साठवू नका.

येत्या रविवारी भाकर पुढं येईल तेव्हा सरकवू नका. तुमचा कपडे बदलायचा वेळ सहाचा आहे हे मी लिहून ठेवलंय. उद्यापासून महिनाभर सकाळी सहाला मी तुमचं आणि सासूबाईंचं नाव घेऊन प्रार्थना करणार आहे. महिन्याने पत्र पाठवा, चिडण्याचं असलं तरी पाठवा.

तुमची,
ताई